‘घरीच असायची’ ही नोंद चुकीची आहे

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

माझी आजी गेल्या महिन्यात, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, साखर पेठेतल्या आमच्या घरी गेली. चौथ्या दिवशी मृत्यूची नोंद करण्यासाठी मी कार्यालयात गेले. खिडकीपलीकडच्या बाई एकेक रकाना वाचत होत्या आणि मी सांगेन तसे लिहून घेत होत्या. नाव, वय, पत्ता, मृत्यूचे ठिकाण असे करत करत त्यांनी ‘व्यवसाय?’ असे विचारले आणि जराही न थांबता मी म्हणाले, ‘काही नाही, घरीच असायची.’ त्यांनी तसे लिहिले, मी खाली सही केली आणि बाहेर पडले. कन्ना चौकाजवळ आले तेव्हा दोन बायका काखेत फडके बांधलेल्या टोपल्या घेऊन विडी कारखान्याकडे निघालेल्या दिसल्या, आणि आपण आत काय सांगून आलो ते माझ्या ध्यानात आले.

मी सांगितले ते खरे नव्हते. १९६७ पासून पुढची एकोणचाळीस वर्षे माझ्या आजीने विड्या वळल्या. त्या पैशांवर तिची तीन मुले वाढली आणि पुढे आम्हा दोघा नातवंडांच्या शाळेची फीसुद्धा त्यातूनच गेली. तिचे नाव कधी वर्तमानपत्रात छापून आले नाही आणि आता यावे असा माझा आग्रहही नाही, म्हणून या पत्रातही मी ते लिहीत नाही. मात्र तिच्या कामाची नोंद माझ्याच बोलण्याने चुकली आहे आणि ज्या शहरात तिने ते काम केले त्या शहरापुढे ती दुरुस्त करावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे. ते लांबले तर क्षमा असावी.

आजीचा जन्म मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यातला. तारीख कुणी लिहून ठेवलेली नव्हती. सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याला चार वर्षे झाल्यावर तू झालीस, असे तिची आई सांगायची, त्यावरून आम्ही १९३४ साल धरतो. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती सोलापुरात आली, ती भोंग्यावर उठणाऱ्या आणि भोंग्यावर जेवणाऱ्या घरात. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे कित्येक पिढ्या पूर्व भागातल्या घरांना वेगळे घड्याळ लागले नाही. आजोबा साचेखात्यात होते. त्यांची गिरणी बंद पडली तेव्हा आधी काही महिने ‘आज उघडेल, उद्या उघडेल’ यात गेले, मग त्यांनी मिळेल ती हमाली केली आणि खोकल्याने खंगत १९६७ च्या पावसाळ्यात ते वारले. मोठ्या आत्या तेव्हा अकरा वर्षांच्या, माझे वडील सात वर्षांचे आणि धाकट्या आत्या तीन वर्षांच्या होत्या.

माहेरचे न्यायला आले होते, पण आजी गेली नाही. का गेली नाहीस, असे मी तिला एकदा विचारले होते. तिथे चार एकर कोरडवाहू आणि खाणारी अकरा तोंडे, त्यात आणखी चार कुठे घालायची, एवढेच तिने सांगितले. पाचच वर्षांनी, १९७२ च्या दुष्काळात, तेच माहेर दुष्काळी कामांच्या खडीवर गेले आणि लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी खाऊ लागले. तेव्हा मामाच्या दोन मुली वर्षभर आजीकडे राहून गेल्या. विडीला पाऊस लागत नाही, असे ती त्या वर्षाबद्दल बोलताना म्हणायची.

विडी तिला शिकवली ती शेजारच्या पद्मशाली घरातल्या अक्कांनी. आजीला तेलुगू येत नव्हते आणि अक्कांचे मराठी बाजारापुरते होते, त्यामुळे शिकवणी हातानेच चालली. पान म्हणजे आकू, दोरा म्हणजे दारम, कात्री म्हणजे कत्तेर एवढे शब्द आजीने पहिल्या आठवड्यात उचलले आणि ते शेवटपर्यंत तसेच वापरले. आमच्या मराठी घरात कात्री कुणी मागितली तर ती ‘कत्तेर का?’ असे उलट विचारायची. अक्कांनी तिला कारखान्यात नेऊन तिचे नाव घालून दिले. पहिले दोन महिने आजीच्या विड्या सैल होत, तेव्हा त्या रात्री स्वतः सोडून परत वळून देत. आजी वर्षातून दोन दिवस विड्या वळायचे सूप भिंतीला टेकवून ठेवायची. एक सिद्धेश्वराच्या यात्रेतला अक्षता सोहळ्याचा दिवस, कारण सात नंदीध्वज पाहिल्याशिवाय तिला नवे वर्ष लागत नसे, आणि दुसरा नारळी पौर्णिमेचा, जेव्हा मार्कंडेयाचा रथ निघतो. हा दुसरा दिवस तिने अक्कांकडून घेतला होता. अक्का तिच्या आधी वीस वर्षे गेल्या, तरी त्या दिवशी रथापुढे नारळ फोडायला आजी जात राहिली.

तिचा दिवस कसा जायचा ते सांगितल्याशिवाय तिचे काम कळणार नाही. आदल्या संध्याकाळी पान भिजवून, पाणी निथळून, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. पहाटे साडेतीन-चारला उठून पत्र्याचे माप पानावर ठेवून कात्रीने एकेक तुकडा कापायचा. शिरा जाड असतील तर त्या खरवडायच्या, नाहीतर विडी फुटते. मग आमचा चहा, भाकरी, डबे. त्यानंतर वळलेला माल घेऊन कारखान्यात जायचे, रांगेत थांबायचे, नवे पान आणि तंबाखू घेऊन यायचे आणि अकराच्या सुमाराला सूप मांडीवर घेऊन बसायचे, ते दिवेलागणीपर्यंत. डाव्या हातात पान, त्यावर चिमूटभर तंबाखू एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी अशी पसरायची, अंगठ्याने वळी घ्यायची, रुंद तोंड नखाने आत दुमडायचे आणि निमुळत्या टोकाला दोऱ्याचे वेढे देऊन तो तोडायचा. पाहणाऱ्याला हे सगळे एकच हालचाल वाटे. पंचवीस विड्यांचे एक बंडल आणि चाळीस बंडलांचे हजार, मजुरी हजारावर. चांगल्या पानाच्या दिवशी ती हजार पुऱ्या करायची. लग्नसराईत किंवा घरात कुणी आजारी असताना पाचशेही होत नसत, आणि त्या आठवड्यात भाजीऐवजी शेंगाचटणी असायची, एवढा हिशोब आम्हा मुलांनाही कळत होता.

तिला अक्षर येत नव्हते, पण पंचविसाचा पाढा तिने ऐकून ऐकून पाठ केला होता. माझा अभ्यास आणि तिची मोजणी एकदमच चालायची. मी ‘पंचवीस सक दीडशे’ म्हटले की ती सहावे बंडल बाजूला ठेवायची. मी चुकले तर बंडल हातातच धरून माझ्याकडे बघत राहायची, बोलायची नाही. आज मी शाळेत पाढे घेते तेव्हा एखादे मूल अडले की मीही तशीच गप्प थांबते, आणि बहुतेक वेळा ते मूल आपले आपण पुढे जाते.

कारखान्यातल्या तपासणीला आम्ही ‘छाट’ म्हणतो. तपासणारा माणूस बंडल दाबून पाहतो, एखादे सोडतो, न आवडलेल्या विड्या बाजूला काढतो, त्यांची मजुरी मिळत नाही. कोणत्या कारखान्यात हे झाले ते मी लिहीत नाही, कारण असे एकाच ठिकाणी होत होते असेही नाही. पण माझ्या लहानपणी आजी हात रिकामा आणि चेहरा उतरलेला घेऊन परत आलेली मी अनेकदा पाहिली आहे. पान खराब आले, भोकाचे किंवा फाटके निघाले, तरी वजनावर ठरलेल्या विड्या द्याव्याच लागत. मग कमी पडलेले पान बायका पदरच्या पैशाने बाहेरून विकत घेत. म्हणजे मालकाचा माल पुरा करण्यासाठी मजुराने खिशात हात घालायचा. आजी याबद्दल कधी मोठ्याने बोलली नाही. ती घरी येऊन छाटीतल्या विड्या सुपात सोडायची, तंबाखू वेगळी काढायची आणि पुन्हा वळायला घ्यायची.

या छाटीचे आणखी एक अंग मला फार उशिरा समजले आणि ते समजल्यापासून माझ्या त्या उत्तराची मला अधिकच लाज वाटते. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा केंद्रीय कायदा झाला. कामगार कोणाला म्हणायचे हे सांगताना, मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून कच्चा माल घेऊन घरी विड्या वळणारी व्यक्तीही त्या कायद्याने स्पष्ट शब्दांत कामगार ठरवली. मालकवर्ग न्यायालयात गेला. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. १९७७ साली या धंद्याला भविष्यनिर्वाह निधी लागू झाला तेव्हा पुन्हा तोच वाद उभा राहिला की घरी बसून काम करणाऱ्या बाईवर मालकाची देखरेख नसते, तेव्हा ती त्याची नोकर कशी? १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दाही फेटाळला आणि त्यासाठी जे कारण दिले ते असे की, माल पसंत नसेल तर तो नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे, आणि तो अधिकार हेच नियंत्रण आहे. म्हणजे ज्या छाटीने आजीचे डोळे भरून येत, त्याच छाटीच्या आधारावर ती कायद्याने कामगार ठरली होती. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने चाळीस वर्षांपूर्वी जे मान्य केले, ते तिच्या नातीला खिडकीपुढे उभे असताना आठवले नाही.

तिच्या आयुष्यातली एक गोष्ट तिला शेवटपर्यंत टोचत राहिली आणि ती झाकून तिचे गुणगान करणे मला बरे वाटत नाही. आजोबा गेले त्याच वर्षी मोठ्या आत्यांची शाळा सहावीत सुटली. एका सुपावर चार माणसे जगत नव्हती, म्हणून दुसरे सूप अकरा वर्षांच्या मुलीच्या मांडीवर आले. माझे वडील शिकले, आयटीआय करून एसटीच्या आगारात लागले; धाकट्या आत्या परिचारिका झाल्या; मोठ्या आत्या मात्र आजवर विड्याच वळत आल्या. आजीने याचे समर्थन कधी केले नाही आणि मोठ्या आत्यांनी तक्रारही केली नाही. पण घरात नवे लुगडे, आंब्याची पहिली फोड, दिवाळीचे पहिले अभ्यंगस्नान हे सगळे आधी मोठ्या आत्यांना, आणि त्या सासरी गेल्यावर त्यांच्या वाटचे बाजूला काढून ठेवलेले, असा आमच्या घरचा शिरस्ता होता. तो कशासाठी होता हे मला मोठी झाल्यावर कळले.

म्हणूनच असेल, नातवंडांना सुपाला हात लावायची तिने बंदी केली होती. मी नऊ वर्षांची असताना ती नळावर पाणी भरायला गेलेली बघून मी सहा विड्या वळल्या आणि मोठ्या फुशारकीने तिच्यापुढे धरल्या. तिने पदराला हात पुसले, खाली बसली आणि एकेक विडी उलगडली. दोरा वेगळा, तंबाखू परत सुपात, चुरगळलेले पान केराच्या बाजूला. सहाही विड्या सोडून झाल्यावर म्हणाली, ‘सहा पानं वाया घालवलीस बघ. काय करायलीस ते कळायला पायजे. जा, पाढे म्हण.’ ती रागावली नव्हती. आई बाजूलाच बसून विड्या वळत होती, तिला ‘हिला परत बसू द्यायचं न्हाई’ एवढेच सांगितले आणि तीही आपल्या कामाला लागली.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सोलापुरातल्या माझ्या वयाच्या कुणालाच विसरता येणार नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन पाहून सगळे उशिरा झोपलो होतो. चारच्या सुमाराला किल्लारीच्या भूकंपाचा धक्का बसला तेव्हा आमच्या घरात जागे माणूस एकच होते, कारण तिचे पान कापायचे होते. फळीवरची भांडी वाजायला लागल्याबरोबर आजीने हातातली कात्री टाकली, मला आणि माझ्या भावाला दंडाला धरून ओढत बाहेर आणले आणि मग गल्लीतल्या प्रत्येक दारावर थापा मारत सुटली. उजाडल्यावर आम्ही आत गेलो तेव्हा भिंतीला एक चीर गेलेली दिसली आणि सुपातली कापलेली पाने घरभर पसरलेली होती. सगळे रेडिओभोवती जमले होते. आजी पाने गोळा करत होती. ती सुकून जाऊ नयेत म्हणून तिने ती पुन्हा ओल्या फडक्यात बांधून ठेवली. किल्लारीच्या बातम्या ऐकून दुपारनंतर मात्र तिने सूप घेतले नाही.

पुढच्या वर्षी ती साठीला आली आणि फंड काढायची वेळ झाली. अर्जावर अंगठा नको, सही करायची, असे तिने मनात घेतले. महिनाभर रोज रात्री मी तिला पाटीवर तिचे नाव गिरवायला द्यायचे. विडीचा दोरा अचूक तोडणारी तिची बोटे पेन्सिल धरताना थरथरायची आणि पहिल्या अक्षराची वेलांटी दरवेळी उलटी जायची. शेवटी सही जमली. त्या अर्जावर तिने जी सही केली ती मी अजून डोळ्यांसमोर आणू शकते. फंडाच्या पैशातून तिने धाकट्या आत्यांचे कर्ज फेडले, घराला पक्के छत घातले आणि उरलेल्यातून मोठ्या आत्यांना दोन पाटल्या केल्या.

काम तिथेच थांबले असे नाही. पुढची बारा वर्षे ती माझ्या आईच्या कार्डावर वळत राहिली. कारखान्यात आईच्या नावाने माल जायचा, त्यातला अर्धा आजीचा असायचा आणि कागदावर तिचे नाव कुठेच नसायचे. सोलापुरात ही काही एकट्या आमच्या घरची गोष्ट नाही. साठीनंतर सुनेच्या किंवा लेकीच्या कार्डावर वळणाऱ्या बायका पूर्व भागात घरोघर आहेत. आज माझ्या आईला जे निवृत्तिवेतन मिळते ते महिन्याला हजार रुपयांच्या थोडे वर आहे. आजीला तेही नव्हते, कारण १९९५ ची पेन्शन योजना आली तेव्हा ती फंड काढून मोकळी झाली होती. विडी कामगारांच्या कल्याण निधीचा १९७६ चा कायदा मात्र आमच्या उपयोगी पडला. त्या निधीतून कामगारांच्या मुलांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर माझी माध्यमिक शाळेची पुस्तके आली आणि आजीचा पहिला चष्माही कामगारांच्या दवाखान्यातूनच झाला. ज्या उपकरावर तो निधी चालत होता तो २०१७ साली जीएसटी आल्यावर रद्द झाला.

२००६ साली कुंभारीच्या माळावर कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांच्या १० हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग घरे सुपूर्द करायला आले, तेव्हा मोठ्या आत्यांना त्यात घर मिळाले. आजी तेव्हा बहात्तर वर्षांची होती. आम्ही तिला रिक्षाने नेले. नव्या घरात सगळे कपाट कुठे, देव कुठे याची चर्चा करत असताना ती भिंतीला हात लावून उभी राहिली, मग घराच्या कागदावर नाव कुणाचे आहे असे तिने विचारले. आत्यांचेच आहे, असे सांगितल्यावर तिने तो कागद हातात घेतला आणि पहिली दोन अक्षरे बोटाने ओळखून दाखवली, कारण तिच्या आणि आत्यांच्या नावाची सुरुवात सारखी आहे. त्या वर्षीपासून तिने सूप उचलले नाही. आपले काम झाले, असे काही ती म्हणाली नाही. डोळ्यांनी पानाची शीर दिसेना, हे कारण तिने सांगितले.

मी शिक्षिका आहे आणि आमच्या शाळेच्या दारावर तंबाखूमुक्त शाळेची पाटी आहे. विडीने माणसे मरतात हे मी मुलांना दरवर्षी सांगते आणि त्यात मला तडजोड करायची नाही. वळणारीलाही ती सोडत नाही. तंबाखूच्या भुकटीने आजीला तिशीतच खोकला लागला होता, पाठ वाकली ती सरळ झाली नाही, आणि कणीक मळण्यापूर्वी लिंबाच्या सालीने हात चोळूनही भाकरीला येणारा तो वास आम्ही लहानपणी अन्नाचाच वास समजत होतो. तिने आयुष्यात एकही विडी ओढली नाही आणि घरात कुणाला ओढू दिली नाही. हा धंदा कमी व्हावा असे मला मनापासून वाटते. पण धंदा वाईट म्हणून त्यात राबणारी बाई हिशोबाबाहेर काढता येत नाही, आणि तिच्या हाताला दुसरे काम न देता धंदा बंद करा म्हणणारे लोक मला पटत नाहीत. गिरण्या गेल्या तेव्हा या शहरातल्या हजारो चुली विडीने पेटत्या ठेवल्या. सोलापूरची चादर म्हटले की लोकांना शहर आठवते. त्या चादरी विणणाऱ्यांच्या घरात दुसऱ्या खोलीत कोण बसले होते, हेही या शहराच्या इतिहासात लिहिले गेले पाहिजे.

शेवटची काही वर्षे तिला एका गोष्टीचा फार त्रास झाला. रेशन दुकानात बोट लावायचे यंत्र आले आणि तिचा अंगठा उठेना. उजवा उठेना, डावा उठेना, तर्जनीही नाही. पानाच्या आणि दोऱ्याच्या घासण्याने तिच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच पुसल्या होत्या, जे उरले होते ते वयाने गेले. दुकानदार पुन्हापुन्हा बोट पुसायला सांगायचा, ती पदराला पुसायची, मागची रांग कुरकुरायची. एकदा तर माणूस समोर उभे असताना ‘यांची ओळख पटत नाही’ असे ऐकून ती रिकामी पिशवी घेऊन परत आली. ‘माजंच बोट मला वळखंना’ एवढेच ती म्हणाली आणि त्यानंतर तिने रेशनला जाणे सोडून दिले. पुढे आम्ही आईच्या बोटावर धान्य आणू लागलो. याही वेळी ती आईच्या नावामागे गेली.

आता पुढची जनगणना जवळ आली आहे. लोकसंख्येची मोजणी २०२७ च्या फेब्रुवारीत होणार आहे आणि नेहमीप्रमाणे आम्हा शिक्षकांना प्रगणक म्हणून घरोघर जावे लागेल. विडी घरकुलात, साखर पेठेत, दाजी पेठेत, अशोक चौकाच्या परिसरात दार उघडणारी सून किंवा नात ‘सासूबाई काय करतात?’ या प्रश्नाला माझ्यासारखेच उत्तर देईल, कारण कामाला जाणे म्हणजे घराबाहेर जाणे असेच आपल्या जिभेवर बसले आहे. माझ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे की ते उत्तर लिहून पुढच्या रकान्याकडे जाऊ नये. आत डोकावून मांडीवर सूप आहे का ते पाहावे, दिवसाला किती वळता आणि कुणाच्या कार्डावर वळता, असे विचारावे. वाचकांनाही विनंती आहे. घरात आजीचे, आईचे जुने कार्ड, लॉगबुक, फंडाचा कागद असेल तर तो रद्दीत घालू नये आणि कुणी गेल्यावर नोंदीसाठी खिडकीपुढे उभे राहाल तेव्हा त्या एका शब्दाला घाई करू नये.

माझ्या नोंदीच्या दुरुस्तीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे आणि येत्या सोमवारी तो देणार आहे. व्यवसायाच्या रकान्यात ‘विडी कामगार’ असे लिहिले आहे. पुरावा म्हणून जोडायला काही सापडते का हे पाहण्यासाठी परवा आजीची पत्र्याची पेटी उघडली. कापडात गुंडाळलेली कात्री, मापाचा पत्रा आणि तळाशी फंडाच्या सुरुवातीच्या काळातला, चार घड्या पडलेला एक पिवळा कागद निघाला. तेव्हा तिला सही येत नव्हती. खाली उजव्या कोपऱ्यात जांभळ्या शाईत तिच्या अंगठ्याचा ठसा आहे आणि त्यावरच्या रेषा अजून एकेक मोजता येतात.

आपली,
एक शिक्षिका,
साखर पेठ, सोलापूर